मका रुजेपर्यंत

जेम्सटाउनच्या उतारावर, दीपगृहाच्या मागे
आमचं चर्च: पत्र्याचं छप्पर, अठ्ठावीस खुर्च्या
आणि माझे तीन ढोल.

मे महिन्यात पुजारी येतात,
पांढऱ्या वस्त्रात, अनवाणी.
मका पेरतात.
त्या दिवसापासून तीस दिवस
आमच्या भागात ढोल वाजत नाही.
आवाजानं देव दचकतात म्हणे,
अंकुर बिचकतो.

मी केटाकडचा, एवे, जातीचा सुतार नसलो तरी हाताचा सुतार.
माझा देव एक, तो दचकत नाही,
आणि मका पाण्यानं रुजतो.
हे मी नाआ कोर्कोईला सांगितलंय,
मासे धुरावायच्या तिच्या भट्टीपाशी उभं राहून,
तोंडावर.
ती मासे उलटत म्हणाली,
"तुझा देव बहिरा आहे का रे,
इतकं बडवायला लागतं ते?"

मला उत्तर सुचलं तिसऱ्या दिवशी,
दाराला बिजागरी ठोकताना.
तेव्हा समोर फक्त दार होतं.

पहिल्या वर्षी आम्ही वाजवलं.
छपरावर दगड पडले. मग पोरं आत आली.
मधल्या ढोलाचं कातडं
एका सुरीनं आडवं फाडलं.
पोलीस आला, दोन्हीकडचं लिहून घेतलं,
वहीत दोन्हीकडचं अक्षर सारखंच दिसत होतं.
संध्याकाळी नाआ दारात उभी राहिली.
"फाडायला नको होतं," म्हणाली.
"वाजवायलाही नको होतं."
आणि गेली. बसली नाही, पाणी मागितलं नाही.

पुढच्या मे महिन्यात एका पहाटे
मी भिंतीवरून तिला पाहिलं.
अंगणाच्या कोपऱ्यात तिनं हातभर जागेत मका टोचला होता,
आणि ती गुडघ्यांवर, गाल मातीला लावून,
श्वास धरून होती.
मी फळीला असाच कान लावतो,
आतून पोकळ तर नाही ना, कळायला.
मला ठाऊक आहे, तिथे ऐकण्यासारखं काही नव्हतं.
पण ऐकणारी तर होती.

मी हळूच खाली उतरलो.
शिडी वाजू नये म्हणून चप्पल काखेत मारली.

त्या रविवारी बायकोच्या जुन्या लुगड्यानं
तिन्ही ढोल झाकले.
बोटांची टोकं मांडीवर. ओठांत गाणं.
सम आली की अठ्ठावीस माना एकदम हलतात
आणि थाप पडतच नाही.
कधी असं गायलात तर कळेल,
न पडलेली थाप किती जड असते ते.

पास्टर डेला म्हणाल्या, ही माघार आहे.
असेल.
मी वाद घातला नाही, मी मात्रा मोजत होतो.
दोन कुटुंबं सोडून गेली, कानेशीच्या मोठ्या चर्चमध्ये.
त्यांतलं एक अजून आलेलं नाही.

तिसावा दिवस उलटला.
सकाळी भिंतीपलीकडून आवाज,
"बडव आता. झोप लागेना मला या शांततेत."

ऑगस्टात त्यांचा सण. भुकेची हुर्यो उडवतात.
घरातला वडील माणूस मक्याचं अन्न
पूर्वजांसाठी उंबऱ्यावर शिंपडत जातो.
नाआचा दीर माझ्या दारापर्यंत आला,
थांबला, मूठ मिटली,
आणि वळसा घालून पुढच्या दारी गेला.
दुपारी तिनं झाकलेला वाडगा आणून आदळला.
"शिंपायच्या आधी काढून ठेवलंय. खा.
तुझ्या स्वर्गाचं तिकीट फाटणार नाही."

मी खाल्लं. तिखट होतं.
डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीचं,
असं मी बायकोला सांगितलं.

मका पाण्यानं रुजतो.
यावर मी अजून ठाम आहे, तीही तिच्या म्हणण्यावर.

मधल्या ढोलाला बकऱ्याच्या कातड्याचं ठिगळ आहे.
तो आता जरा खाली बोलतो.
आम्ही गाणंच थोडं उतरवून घेतलंय.